गायक बदलला, पट्टी कोणी बदलायची? 'द एक्स फॅक्टर' आणि इतर अल्बम

गॅलपवाला (धागाकर्ता)

आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा 'द एक्स फॅक्टर' ऑक्टोबर १९९५ मध्ये आला. गायक ब्रूस डिकिन्सन १९८१ पासून बँडमध्ये होता, १९९३ साली बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी वुल्फ्सबेन बँडचा ब्लेझ बेली आला. तेव्हापासून एकच पालुपद ऐकू येतं, 'ब्लेझला गाता येत नाही.' हे मान्य नाही. ब्लेझचा गळा बॅरिटोन आहे, भरदार आणि खालच्या सुरांत उत्तम लागणारा. बँड मात्र जुन्याच पट्टीत वाजवत राहिला आणि धृपदं वर चढवत राहिला. माणूस बदलला, शिडी तीच ठेवली.

प्रश्न असा: जुना गायक गेल्यावर पहिल्या अल्बमआधी बँडनं नेमकं काय बदलायला हवं? पट्टी, ट्यूनिंग, गाणी लिहायची पद्धत, की मिक्स (मुद्रित वाद्यं आणि आवाज एकत्र बसवणं)? 'सगळंच' हे उत्तर चालणार नाही, क्रम लावा. इतर बँडची उदाहरणं द्या.

निमूट_श्रोता

ब्रूसला परत बोलवावं. १९९९ साली बोलावलं, २००० मध्ये 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला. धागा संपला, दिवे घालवा.

मंद्रमध्य

दिवे राहू द्या, मुद्दा खरा आहे. फक्त 'बॅरिटोन आहे' म्हणून थांबलं तर अर्धंच कळतं.

गळ्याची कमाल मर्यादा आणि गळा आरामात नांदतो तो पट्टा या दोन वेगळ्या गोष्टी. बहुतेक बँड ऑडिशनला पहिलीच तपासतात: 'हा सूर लागतो का?' लागतो. ठरलं. पण एकदा लागणं वेगळं आणि दीड तासाच्या कार्यक्रमात चाळीस वेळा लागणं वेगळं. बॅरिटोन गळ्याचा वरचा सांधा (छातीच्या जोराचा आवाज संपतो ती जागा) साधारण मध्य सप्तकाच्या ई४ च्या आसपास येतो, म्हणजे ३३० हर्ट्झ. टेनरचा (उंच पुरुषी गळ्याचा) जी४ च्या आसपास, ३९२ हर्ट्झ. या दोहोंमधल्या तीन अर्धस्वरांतच हेवी मेटलची निम्मी धृपदं राहतात. टेनर तिथे अजून छातीच्या जोरावर गातो, बॅरिटोन सांधा ओलांडून गेलेला असतो. मग तो ओरडतो तरी, किंवा सूर किंचित खाली बसतो तरी. ब्लेझच्या मैफलींच्या ध्वनिमुद्रणांत दुसरी गोष्ट स्पष्ट ऐकू येते. गळ्याच्या तक्रारीमुळे दौऱ्यातले काही कार्यक्रम रद्दही झाले होते.

तपासायची रीत सोपी आहे. दहा-पंधरा मिनिटं गळा तापवायचा. मग 'आ'कारात अर्ध्या-अर्ध्या स्वरानं वर जायचं आणि आवाजाची ताकद न वाढवता जिथवर सूर स्थिर राहतो तिथे खूण करायची. चाळीस मिनिटं गाणी गाऊन झाल्यावर पुन्हा तेच करायचं. दुसरी खूण पहिलीपेक्षा खाली येते. धृपदाचे लांब ताणलेले सूर या दुसऱ्या खुणेच्याही दोन अर्धस्वर खाली ठेवावेत. वरचा सूर ओळीत एखादा स्पर्श म्हणून चालतो, मुक्काम म्हणून नाही.

लोखंडी_कान

थोडा विरोध नोंदवतो. 'एक्स फॅक्टर'चा अंधार हेच त्याचं बळ आहे आणि तो ब्लेझमुळेच येतो. 'साइन ऑफ द क्रॉस'ची सुरुवात ऐका: आधी ग्रेगोरियन धाटणीचा समूहस्वर, मग बारीक बेस, मग ब्लेझ अगदी खालच्या सुरात. इथे डिकिन्सनचा आवाज जास्त नाटकी वाटला असता. 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर' आणि 'द आफ्टरमॅथ' यांच्या सुरुवातीही तशाच. या अल्बमवर संथ, स्वच्छ गिटारच्या प्रस्तावना इतक्या आहेत की काहींना त्याचाच कंटाळा येतो, पण त्या नव्या आवाजासाठीच शोभतात.

खरा गुन्हेगार १९९८ चा 'व्हर्च्युअल इलेव्हन'. 'द एंजल अँड द गॅम्बलर' जवळपास दहा मिनिटांचं आहे आणि त्यातला बराचसा वेळ एकच ओळ फिरत राहते. ब्रिटनच्या अल्बम-विक्रीच्या यादीत डिकिन्सनचा 'फिअर ऑफ द डार्क' पहिला, 'एक्स फॅक्टर' आठवा, 'व्हर्च्युअल इलेव्हन' सोळावा. घसरण दोन्ही वेळा झाली, पण दुसऱ्या वेळी नवेपणाची सबब उरली नव्हती.

निमूट_श्रोता

ती ओळ अजून चालू आहे. कोणीतरी जाऊन थांबवा.

जाडतार

सगळे 'पट्टी उतरवा' म्हणतात, पण मेडनसारख्या बँडला ते का जड जातं हे बघा. घोड्याच्या टापांसारखे ते रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या चाली) ई पट्टीत आहेत कारण सर्वांत जाड तार मोकळी वाजते. मोकळ्या तारेखाली फ्रेट (मानेवरची धातूची आडवी कड) नसतो. डी मध्ये यायचं तर बोटं सरकवून भागत नाही, तारच उतरवावी लागते.

तार नुसती सैल करून चालत नाही. ताण हा कंपनसंख्येच्या वर्गावर ठरतो. एक अर्धस्वर उतरवला की साधारण ११ टक्के ताण जातो, दोन उतरवले की २१, तीन उतरवले की २९. ताण कमी झाला की जलद टापांमध्ये तार लटपटते आणि पिक आपटल्याक्षणी सूर वर उडून मग खाली बसतो. दोन गिटारी एकत्र वाजल्या की ही उडी दुप्पट ऐकू येते. उपाय तार जाड करणं. दोन अर्धस्वरांना जाडी सुमारे १२ टक्के वाढवायची: १०-४६ च्या (सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तार, इंचाच्या हजारांशात) जागी ११-५२. तीन अर्धस्वरांना १९ टक्के: १२-५४.

मग गिटारची जुळणी. ५२ ची तार ४६ साठी कापलेल्या नटच्या (मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या आधाराच्या) खाचेत अडकते; ट्यून करताना 'टिक' असा आवाज येऊन सूर उडी मारतो, म्हणजे खाच अरुंद आहे. ती बाजूंनी रुंद करायची, खोली वाढवायची नाही, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर घासेल. त्यानंतर मानेचा बाक बघायचा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली बारीक फट दिसली पाहिजे. फार मोठी वाटली तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव फेरा घट्ट करायचा आणि पुन्हा ट्यून करून मगच निकाल द्यायचा. शेवटी स्वरशुद्धी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला हलकेच स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून बघायचे. दाबलेला चढा असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) मागे, उतरा असेल तर पुढे. हा क्रम उलटा केला तर सगळं पुन्हा करावं लागतं.

गंमत म्हणजे मेडनचा बेसवादक स्टीव्ह हॅरिस बेसला चपट्या वेटोळ्यांच्या ५०-११० च्या तारा वापरतो. त्या जाडीवर डी ट्यूनिंग सहज पेलतं. म्हणजे बेसची अडचण मुळात नव्हतीच.

सहावी_तार

फ्लॉइड रोज (स्प्रिंगांवर तरंगणारा) ब्रिज असेल तर?

जाडतार

मग तारांचा ताण आणि मागच्या स्प्रिंगांचा ताण यांची रस्सीखेच होते. जाड तारा घातल्या तरी नवा ताण जुन्याइतका तंतोतंत येत नाही. तारा जास्त ओढत असतील तर ब्रिज पुढे कलतो आणि मागची बाजू वर उचलली जाते, तेव्हा स्प्रिंगचा पंजा (स्प्रिंगा अडकवलेला तुकडा) आत घ्यायचा. उलट झालं तर सैल करायचा. ब्रिजची पाटी लाकडाला समांतर आली पाहिजे. तारा एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम काढल्या की ब्रिज मागे ओढला जाऊन खड्ड्यात बसतो. नटची कुलुपं अगदी शेवटी लावायची.

रिफमास्तर

तारांचं ज्ञान उत्तम, पण प्रश्नाचं उत्तर तारांत नाही. ब्लॅक सॅबथ १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'वर काही गाण्यांत तीन अर्धस्वर खाली उतरलेला बँड. १९७९ मध्ये गायक ऑझीला काढलं, रॉनी जेम्स डिओ आला आणि एप्रिल १९८० मध्ये 'हेवन अँड हेल' आला. फरक ट्यूनिंगचा नव्हता, सुरावटीचा होता. 'आयर्न मॅन'मध्ये ऑझी रिफच गातो: गिटार जिथे जाते तिथे गळा मागोमाग. डिओ रिफवरून आडवा जातो. गिटार एका जागी थांबते आणि गळा वर-खाली फिरतो. 'हेवन अँड हेल' या गाण्याच्या कडव्यात तर गिटार जवळजवळ बाजूला होते, बेस आणि ड्रम एका चालीवर चालत राहतात आणि मधली सगळी जागा गळ्याला मिळते. ही मोकळी जागा ऑझीसाठी लिहिलेल्या गाण्यांत नव्हती, कारण ऑझीला ती लागतच नव्हती.

आणखी एक. त्याआधी बहुतेक शब्द बेसवादक गीझर बटलरचे असत. तो काही काळ बँडमध्ये नव्हता आणि शब्द डिओनं लिहिले. गायकाचे शब्द त्याच्या तोंडात बसतात: लांब सुरावर कुठला उच्चार यावा, श्वास कुठे घ्यावा, हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतं. वरच्या सुरावर 'ई' आला की गळा आवळतो, 'आ' किंवा 'ओ' आला की उघडतो. एवढ्यानंही अर्ध्या-एका स्वराचा फरक पडतो.

मेडनमध्ये गिटार बरेचदा गायकाचीच सुरावट दुहेरी वाजवते. म्हणजे गायकाला हलायला जागा नाही, आणि सूर किंचित जरी उतरला तरी शेजारची गिटार चुगली करते. माझा क्रम: आधी लेखन, मग पट्टी, मग बाकी सगळं.

श्रेयनामावली

लेखनात गायक असला की अल्बम चांगला, हे इतकं सरळ नाही.

'एक्स फॅक्टर'च्या ११ गाण्यांपैकी पाचांवर बेलीचं नाव आहे, 'मॅन ऑन द एज' त्यातलंच. म्हणजे त्याला बाहेर ठेवलं नव्हतं. उलट १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'वर डिकिन्सनचं नाव कुठेच नाही, आणि तो ब्रिटनच्या यादीत पहिला गेला.

रिफमास्तर

ते उदाहरण तुमच्यावरच उलटतं. डिकिन्सन आधीच्या सॅमसन बँडच्या कराराला बांधलेला होता म्हणून श्रेय देता येत नव्हतं. हात होताच, कागदावर नव्हता.

श्रेयनामावली

ठीक, तो गुण तुमचा. मग 'जग्युलेटर' घ्या. रॉब हॅलफर्ड गेल्यावर जुडास प्रीस्टनं १९९६ मध्ये टिम ओवेन्सला घेतलं. तो प्रीस्टचीच गाणी करणाऱ्या बँडमध्ये गायचा, हॅलफर्डचे वरचे सूर त्याला पाठ होते. १९९८ च्या थेट अल्बमवर जुनी गाणी ऐका, गळ्यात काही कमी नाही. तरी १९९७ चा 'जग्युलेटर' अनेकांच्या गळी उतरत नाही. गाणी टिप्टन आणि डाउनिंग या गिटारवादकांची, ओवेन्सला एकाही गाण्यात श्रेय नाही. वरच्या किंकाळ्या ठिकठिकाणी पेरल्या आहेत, पण धरून ठेवावी अशी सुरावट शेवटच्या 'कथीड्रल स्पायर्स'पर्यंत क्वचितच सापडते. म्हणजे गळ्याची कमतरता नसतानाही अल्बम अडू शकतो. मंद्रमध्य यांच्या खुणा इथे काही सांगत नाहीत.

मंद्रमध्य

मान्य. खुणा फक्त मर्यादा सांगतात, चाल सुचवत नाहीत.

विजेचा_खांब

एसी/डीसी राहिले की! त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये वारला, जुलैमध्ये 'बॅक इन ब्लॅक' बाहेर. पाच महिने. गायक बदलल्यावरच्या अल्बमांचा बाप.

लोखंडी_कान

एसी/डीसी मेटल नाही. हार्ड रॉक.

विजेचा_खांब

आलं. येणारच होतं.

निमूट_श्रोता

या वादासाठी वेगळा धागा आहे, तो २०११ पासून चालू आहे.

विजेचा_खांब

वाद सोडा, त्यातली घंटा ऐका. 'हेल्स बेल्स'च्या सुरुवातीची घंटा लफबरोच्या जॉन टेलर यांच्या ओतशाळेतली. आधी गावातल्या मनोऱ्यातली घंटा ध्वनिमुद्रित करायला गेले, तर प्रत्येक ठोक्याला आत बसलेले पक्षी फडफड करून उडायचे आणि तीच फडफड टेपवर यायची. शेवटी बँडसाठी ओतलेली घंटा ओतशाळेतच वाजवून घेतली. विषयाशी संबंध एवढाच, की जुन्या गायकाला निरोप द्यायला त्यांनी शब्द वापरण्याआधी आवाज वापरला, आणि पहिल्या ठोक्यापासून ऐकणाऱ्याला कळतं की आता दुसरं काही सुरू होतंय. 'एक्स फॅक्टर'ची सुरुवात अकरा मिनिटांच्या गाण्यानं होते. तिथे कळतं, पण जरा उशिरा.

फेडरवर_बोट

मिक्सकडे कोणी वळलंच नाही. हा अल्बम हॅरिसच्या एसेक्समधल्या बार्नयार्ड स्टुडिओत झाला, निर्मिती हॅरिस आणि नायजेल ग्रीन यांची. मेडनचा आधीचा निर्माता मार्टिन बर्च 'फिअर ऑफ द डार्क'नंतर निवृत्त झाला होता. हा योगायोग लक्षात घ्या: 'हेवन अँड हेल' आणि 'नंबर ऑफ द बीस्ट' दोन्ही बर्चचे. नवा गायक आणि नवा निर्माता एकाच वेळी आले की दोष कोणाचा हे नीट सांगता येत नाही.

'एक्स फॅक्टर'वर गायकाचा आवाज कोरडा (घुमारा न लावलेला) आहे, उघडा पडलेला. उंच गळा गिटारच्या जाडीच्या वर निघून जातो, म्हणून कोरडाही चालतो. बॅरिटोनचे मुख्य सूर ११० ते ३३० हर्ट्झमध्ये, आणि डिस्टॉर्शन लावलेल्या (मुद्दाम खरखरीत केलेल्या) दोन गिटारींचा गाळ २०० ते ४०० मध्ये. आवाजाचा फेडर (पातळी ठरवणारा सरकता खटका) वर केला की गाळही सोबत वर आल्यासारखा वाटतो.

करायचं काय: दोन्ही गिटारी ८०-१०० हर्ट्झखाली कापा, म्हणजे ती जागा बेसची. गिटारींत ३०० च्या आसपास २ ते ४ डेसिबल खोलगट करा, पण गायक गात असतानाच, नाहीतर एकट्या रिफमध्ये गिटार पोकळ वाटेल. आवाजाला ३ किलोहर्ट्झजवळ थोडा उठाव द्या. शब्द तिथे कळतात. त्या पट्ट्यात गिटारही टोचत असेल तर आधी गिटार कमी करा. धृपदात आवाजाचा दुसरा थर, पण वेगळा गाऊन घेतलेला, नक्कल करून चिकटवलेला नाही. प्रतिध्वनी गाण्याच्या गतीवर बांधा: मिनिटाला १६० मात्रांच्या गतीला एक मात्रा ३७५ मिलिसेकंद. रिव्हर्बला (खोलीसारख्या घुमाऱ्याला) सुरुवातीचा ३०-४० मिलिसेकंदांचा उशीर ठेवा, म्हणजे शब्द पुढे राहतो आणि खोली मागे. आणि गिटारनं तीच सुरावट वाजवायचीच असेल तर पहिल्या धृपदात गप्प बसून दुसऱ्यात गायकाच्या सुरापासून तिसऱ्या स्वरावर यावी.

पुन्हा मास्टर केलेल्या आवृत्तीनं यातलं काही सुधारत नाही. मास्टरिंगला सगळी वाद्यं एकत्र झालेलीच मिळतात.

जाडतार

पट्टी उतरवली की हा गाळ वाढेल की कमी होईल?

फेडरवर_बोट

गिटार आणि गळा दोन्ही सारखेच उतरतात, त्यामुळे त्यांचं आपसातलं भांडण तेवढंच राहतं. बेसचं मात्र बदलतं: ई ४१ हर्ट्झ, डी ३७. छोट्या स्पीकरवर तो तळ नाहीसा होतो, तेव्हा बेसचं ७०० ते १००० हर्ट्झमधलं अंग जपावं लागतं. हॅरिसच्या खणखणीत बेसला ती काळजी कमी. आणि उतरवून मिळतं किती? दोन अर्धस्वर, फार तर तीन. धृपद चार-पाच अर्धस्वर उंच असेल तर तारा बदलून उपयोग नाही, चालच बदला. आवाजानं जिवेच्या मूळ सुरावर राहावं आणि वरचा पाचवा सूर गिटारला किंवा मागच्या आवाजांना द्यावा. ऐकणाऱ्याला उंची मिळते, गळ्याला आराम.

सहावी_तार

'जिवेच्या' म्हणजे?

फेडरवर_बोट

'कॉर्डच्या' (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) लिहायचं होतं. टंकलेखन यंत्राची कृपा.

घसा_फोड

सुरात न गाता गुरगुरणाऱ्या गायकांचं काय? आर्च एनेमीनं योहान लीवाच्या जागी अँजेला गोसोव्हला घेतलं आणि २००१ ला 'वेजेस ऑफ सिन' काढला. गिटारी सी पर्यंत उतरलेल्या आणि पट्टीचा प्रश्नच नाही, कारण गुरगुरण्याला ठाम सूर नसतो. तिथे बघायचं असतं ते श्वासाची लांबी, शब्दांची धार आणि आवाजाचा पोत. म्हणूनच अशा बँडना गायक बदलणं तुलनेनं सोपं जातं. २०१४ मध्ये अलिसा व्हाइट-ग्लुझ आली, तेव्हाही जुनी गाणी आहे त्याच ट्यूनिंगमध्ये चालली. नाइटविशला हे सुख नाही. गायिका तार्याचा ऑपेराचा गळा २००५ मध्ये बँडबाहेर गेला आणि २००७ च्या 'डार्क पॅशन प्ले'वर अ‍ॅनेट ओल्झोनचा पॉप धाटणीचा आवाज आला. नव्या गाण्यांत तो छान बसतो. जुनी गाणी मंचावर आली की शिवण दिसते.

रिफमास्तर

हेच तर. नव्या अल्बमवर जमतं आणि जुन्या गाण्यांवर उघडं पडतं. अँथ्रॅक्सनं याची उघड परीक्षाच दिली. आधीचा गायक बेलाडोना याच्यानंतर जॉन बुश आला, १९९३ चा 'साउंड ऑफ व्हाइट नॉइज' त्याच्या खरबरीत, खालच्या आवाजाला धरून संथ आणि जड केला, अमेरिकेत सातवा गेला. २००४ मध्ये जुनी गाणी बुशच्या आवाजात पुन्हा मुद्रित केली. दोन्ही लागोपाठ ऐका. गळा तोच, पण पहिल्यात तो यजमान आहे आणि दुसऱ्यात पाहुणा.

गॅलपवाला

सगळ्यांचं वाचून मूळ प्रश्नाकडे येतो. क्रम असा लागतोय: लेखन, पट्टी, मिक्स, आणि ट्यूनिंग फक्त जुन्या गाण्यांसाठी. 'पट्टी आधी' हा माझा दावा मागे घेतो, पण अर्धाच. मंचावर निम्म्याहून जास्त गाणी जुनीच असतात, आणि ब्लेझचा गळा तिथेच मार खात होता.

ताडून बघायला एक सोपी जागा आहे. २००२ मध्ये आलेल्या 'रॉक इन रिओ' या थेट अल्बमवर डिकिन्सन 'साइन ऑफ द क्रॉस' गातो. ते आणि मूळ, दोन्ही एकामागून एक. धृपद त्याच्या हाताखाली आल्यासारखं वाटतं. प्रस्तावना मात्र मूळचीच बरी.

लोखंडी_कान

प्रस्तावनेबद्दल कबुली दिलीत, एवढं पुरे. आता एका तबकडीच्या दोन बाजूंत बसेल अशी 'एक्स फॅक्टर'ची काटछाट. मुद्रित झाली १४ गाणी, घेतली ११, वेळ ७१ मिनिटं. पहिली बाजू: 'मॅन ऑन द एज', 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज', 'फॉर्च्युन्स ऑफ वॉर', 'द आफ्टरमॅथ'. दुसरी: 'द एज ऑफ डार्कनेस', मग बाहेर ठेवलेलं 'जस्टिस ऑफ द पीस', शेवटी 'साइन ऑफ द क्रॉस'. एक बाजू २३ मिनिटांची, दुसरी साडेएकवीस.

गॅलपवाला

'टू ए.एम.' वगळलंत?

लोखंडी_कान

वगळलं. तक्रार असेल तर 'द आफ्टरमॅथ' काढून ते घाला, पाऊण मिनिट वाचेल.

निमूट_श्रोता

ते पाऊण मिनिट 'एंजल अँड द गॅम्बलर'ला देऊ नका म्हणजे झालं.